रस्त्यावरच्या बर्फावर मीठ टाकलं की तो "गरम होऊन" वितळतो? नाही हो!

कॅनडा-अमेरिकेत नवीन आलेल्या आपल्या लोकांच्या ग्रुपवर दर डिसेंबरला हे फिरतंच, की मिठाने बर्फ तापतो आणि थंडी जास्त असेल तर मीठ पण जास्त टाका. पहिलं साफ चूक, दुसरं एका मर्यादेपर्यंतच खरं.

लहानपणी पॉटमधलं आईस्क्रीम केलंय ना? भोवतीच्या बर्फात जाडं मीठ टाकायचो ते बर्फ अजून गार व्हावा म्हणूनच की! मीठ फक्त पाण्याचा गोठणबिंदू खाली आणतं, म्हणून बर्फ न तापताच वितळतो. साधारण २३ टक्के मिठाच्या पाण्याचा तो उणे २१ अंश सेल्सिअसपर्यंत जातो, पण रस्त्यावर उणे १० च्या आसपासच साधं मीठ जवळपास निकामी होतं, मग पोतं ओतलं तरी काय उपयोग. म्हणून कॅनडातल्या विनिपेगसारख्या ठिकाणी कडाका वाढला की वाळू टाकतात, ती वितळवत नाही, फक्त पकड देते. कॅल्शियम क्लोराईड (हे वेगळ्या प्रकारचं मीठ) मात्र विरघळताना खरंच उष्णता सोडतं आणि जास्त थंडीत चालतं, पण महाग.

आणि आधी प्लाऊ (बर्फ बाजूला ढकलणारी गाडी) किंवा फावडं, मग मीठ. फूटभर बर्फावर मीठ शिंपडणं म्हणजे नुसती उधळपट्टी, वर ते वाहून तळ्यात जातं आणि गाडीचा पत्रा खातं ते वेगळंच.