आगबोट (कोकण किनाऱ्यावरील प्रवासी)

मुंबईपासून दक्षिणेस वेंगुर्ले व पणजीपर्यंतच्या किनाऱ्यावर वाफेच्या बळावर चालणारी, उतारू, टपाल व हलका माल नेणारी लहान नौका. तिचा काळ ढोबळमानाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा मानता येतो. मुंबई बंदराच्या आतील रेवस, धरमतर या जवळच्या फेऱ्या आणि रत्नागिरी, मालवणकडची लांबची वाहतूक या दोन्हींसाठी लोक ‘बोट’ हा एकच शब्द वापरत. तांत्रिक दृष्ट्या त्यांत बराच फरक होता.

‘आगबोट’ या शब्दाच्या घडणीविषयी एकमत नाही. एका मतानुसार ‘आगगाडी’ या शब्दावरून तो मराठीत तयार झाला. मात्र मुंबई इलाख्यात वाफेची बोट रेल्वेच्या आधी आली. ‘ह्यू लिंडसे’ ही मुंबईत बांधलेली बोट २० मार्च १८३० रोजी सुवेझकडे निघाली, तर मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ मध्ये सुरू झाली. या कालक्रमामुळे हे मत मान्य करणे कठीण जाते. दुसऱ्या मतानुसार हा शब्द गोदीतील हिंदुस्थानी बोलीतून आला असावा. हॉब्सन-जॉब्सन या १८८६ च्या शब्दसंग्रहात ‘अगन’ व इंग्रजी ‘बोट’ यांचा संकर म्हणून या शब्दाची नोंद असून मुंबईत ‘आगबोट’ म्हणतात असे तेथे म्हटले आहे. कोकणात व घाटावर रूढ असलेले ‘आगीनबोट’ हे रूप ‘अगन’ला जवळचे आहे आणि गुजरातीतही ‘आगबोट’ हाच शब्द आहे. हे पाहता निरनिराळ्या भाषा बोलणारे खलाशी जेथे एकत्र काम करीत, त्या धक्क्यावरच हा शब्द घडला असावा, हे मत अधिक पटण्यासारखे आहे. पुढे ‘आग’ गळून केवळ ‘बोट’ उरले. ‘बोट लागली’ या प्रयोगाला मराठीत दोन अर्थ आले: बोट बंदराला येऊन पोचली, आणि प्रवाशाला मळमळून उलटी झाली. दोन्ही अर्थ या प्रवासाच्या रोजच्या अनुभवातले आहेत.

नियमित किनारी सेवा नेमकी केव्हा सुरू झाली, हे ठरविताना कंपनीची स्थापना आणि प्रवासी फेऱ्यांचा आरंभ यांची गल्लत होते. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची स्थापना सामान्यतः १८४५ च्या सुमारास धरली जाते. तथापि कोकणातील बंदरांना वेळापत्रकाने जोडणारी वाहतूक शेफर्ड कंपनीच्या बोटींमुळे, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच स्थिरावलेली दिसते. सामान्य उतारूच्या दृष्टीने हा दुसरा टप्पाच खरा आरंभ म्हणावा लागेल.

आरंभीच्या बोटींना दोन्ही बाजूंस वल्ह्यांची चाके असत. नंतर मळसूत्री पंखा आला. बॉयलर कोळशावर चाले आणि त्याला गोडे पाणी लागे, कारण खारे पाणी उकळले की आतल्या नळ्यांवर मिठाचा थर चढतो, उष्णता नीट पोचत नाही आणि पत्रा जळतो. म्हणून इंजिनातून बाहेर पडलेली वाफ संघनकात समुद्राच्या पाण्याने थंड करीत आणि तिचे पाणी पुन्हा बॉयलरला देत. समुद्राचे पाणी व बॉयलरचे पाणी एकमेकांत मिसळू नये यावर सारे अवलंबून असे. १८८० नंतर जगभर प्रसार पावलेल्या त्रिप्रसरण इंजिनात तीच वाफ क्रमाने मोठ्या होत जाणाऱ्या तीन सिलिंडरांत वापरली जाई व कोळशाची बचत होई. लहान बोटीत या बचतीचे मोल विशेष होते, कारण कोळशाची कोठी जेवढी लहान, तेवढी उतारूंना व मालाला जागा अधिक. भट्टीत फावड्याने कोळसा घालणाऱ्यास ‘आगवाला’ म्हणत. डेकवर सारंग म्हणजे खलाशांचा मुख्य, त्याच्या हाताखाली टंडेल आणि चाकावर सुकाणी अशी उतरंड होती. इंजिनखात्याचा सारंग वेगळा असे. खलाशांत कोकणी मुसलमान, खारवी, भंडारी, गाबीत अशा किनाऱ्यावरच्या समाजांतील माणसे मोठ्या संख्येने होती.

बोटीचा आकार मात्र इंजिनापेक्षा खाडीच्या मुखाने ठरविला. बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री, विजयदुर्गला वाघोटन अशा नद्या समुद्राला मिळतात, आणि बहुतेक मुखांशी गाळाचा व वाळूचा उंचवटा साचतो. ओहोटीला त्यावर पाणी उथळ होते. त्यामुळे बोटीचा तळ फार खोल ठेवून चालत नसे आणि वेळापत्रक छापील असले तरी खरी वेळ भरतीची असे. खाडीत शिरण्यापूर्वी खलाशी शिशाचा ओळंबा दोरीने सोडून किती वाव (खोली मोजण्याचे माप) पाणी आहे ते ओरडून सांगे. रात्रीच्या प्रवासाला दीपगृहांचा आधार होता. मुंबईच्या तोंडाशी असलेले खांदेरीचे दीपगृह १८६७ चे आणि प्रॉंग्सचे १८७५ चे आहे. मुखाशी उतरलेला उतारू लहान लाँचने किंवा होडीने आत जाई: दाभोळहून चिपळूणजवळच्या गोवळकोटास, जैतापूरहून राजापूरकडे, विजयदुर्गाहून खारेपाटणकडे.

हर्णै, मालवण, वेंगुर्ले यांसारख्या ठिकाणी बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात नांगर टाकून भोंगा देई आणि किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे उतारूंची ने-आण करणाऱ्या होड्या, निघत. या प्रवासातला सर्वांत कठीण भाग म्हणजे समुद्रातले हे काही हातांचे अंतर. पडाव बोटीच्या अंगाला येऊन टेके आणि लाटेबरोबर वर-खाली होई. लाटेने पडाव वर उचलला की त्या क्षणी शिडीवर पाय टाकायचा. चुकले तर पुढच्या लाटेची वाट पाहायची. लहान मुले आधी हातोहात दिली जात, मग बायका, मग पत्र्याच्या ट्रंका आणि वळकट्या. साडीचा ओचा एका हाताने आवरून दुसरा हात खलाशाकडे देणारी सासुरवाशीण हे त्या काळचे नेहमीचे दृश्य होते. किनाऱ्याशी पाणी कमी असेल तर पडावातूनही उतरून गुडघाभर पाण्यातून किंवा माणसाच्या पाठीवर बसून वाळू गाठावी लागे.

मोसम पावसाळा संपल्यानंतर सुरू होऊन मे अखेरपर्यंत चाले. नैर्ऋत्य वाऱ्याच्या दिवसांत उघड्या किनाऱ्यावर नांगर टाकणेच शक्य नसल्याने बोट बंद होई. बंदराच्या आडोशातील रेवससारख्या फेऱ्या मात्र पावसातही चालत. मुंबईच्या कापड गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातील कामगार फार मोठ्या प्रमाणावर होते. गावाकडचे घर, मनिऑर्डर आणि शिमग्याची किंवा मे महिन्याची फेरी हे त्यांचे जीवन या बोटीवर उभे होते. त्यांतले बहुतेक जण डेकचे प्रवासी. जागा मिळेल तेथे वळकटी सोडायची, मळमळीवर लिंबू हुंगायचे, आणि कोळशाची कणी डोळ्यांत जाऊ नये म्हणून धुराकडे पाठ करून निजायचे. परतीच्या बोटीवर मे महिन्यात हापूसच्या पेट्या रचलेल्या असत. गोव्याहून मुंबईला नोकरीसाठी येणाऱ्यांचाही हा मार्ग होता.

शेफर्ड कंपनीचा वारसा चालविणाऱ्या बॉम्बे स्टीमला देशी भांडवलाने दिलेल्या स्पर्धेत इंडियन को-ऑपरेटिव्ह नॅव्हिगेशन कंपनी महत्त्वाची होय. लोक तिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत आणि तिच्या बोटींना ‘तुकाराम’, ‘रामदास’ अशी संतांची नावे होती.

अपघातांनी या वाहतुकीची कमकुवत बाजू उघड केली. शेफर्ड कंपनीची ‘वैतरणा’ ही वीजदिव्यांमुळे ‘वीजळी’ नावाने प्रसिद्ध झालेली बोट नोव्हेंबर १८८८ मध्ये कच्छमधील मांडवीहून मुंबईस येताना सौराष्ट्र किनाऱ्याजवळ वादळात सर्व प्रवाशांसह नाहीशी झाली. ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी ११ नोव्हेंबर १९२७ च्या वादळात बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या तोंडावर, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ काश्याच्या खडकाजवळ उलटली. ही बोट १९३६ मध्ये बांधलेली, सुमारे १७९ फूट लांब, २९ फूट रुंद व ४०६ टनांची होती. मृतांचा आकडा निरनिराळा दिला जातो. तो ६०० हून अधिक होता याविषयी मतभेद नाही. मोठी लाट आल्यावर घाबरलेले उतारू एका बाजूस धावले आणि बोट कलंडली, असे सांगितले जाते. हे कारण खरे धरले तरी दोष केवळ गर्दीच्या घाबरण्यावर टाकणे न्याय्य नाही. उथळ पाण्यासाठी बांधलेल्या बोटीच्या वरच्या मजल्यांवर माणसांची दाटी झाली की भार वर जातो, तिचा तोल सांभाळण्याची शक्ती कमी होते आणि थोड्या कलण्याने ती सावरेनाशी होते. किनारा दिसत असताना एवढी माणसे गेली, आणि अलिबाग, पेण भागातील अनेक गावांत त्या दिवशी एकाहून अधिक घरांत सुतक आले.

स्वातंत्र्यानंतर ‘चंपावती’, ‘रोहिणी’, ‘रोहिदास’ ही नावे कोकणवासीयांच्या तोंडी राहिली. पुढे डिझेलवर चालणाऱ्या ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ या बोटी मुंबई-पणजी मार्गावर आल्या आणि शेवटच्या टप्प्यात ही सेवा मोगल लाइन या जहाज कंपनीकडे होती. मुंबई-गोवा रस्त्यावर एस. टी. बारमाही धावू लागल्यावर पावसात बंद राहणाऱ्या बोटीचे उतारू कमी होत गेले आणि कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण होण्याआधीच लांब पल्ल्याची ही वाहतूक थांबली होती. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँच त्यानंतरही चालू राहिल्या.