गाठीभोवतीचा वाफसा : मोठ्या आतड्याचा कर्करोग आणि फायब्रोब्लास्ट पेशी

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे निदान झाले की पॅथॉलॉजीचा अहवाल घरी येतो आणि घरातले सगळे त्यातला एकेक शब्द मोबाइलवर शोधू लागतात. ‘ॲडिनोकार्सिनोमा’, म्हणजे ग्रंथीसारख्या अस्तरपेशींतून उगवलेला कर्करोग, हा शब्द लवकरच ओळखीचा होतो. त्याच्या आसपास बरेचदा ‘डेस्मोप्लॅस्टिक स्ट्रोमा’ असेही लिहिलेले असते, पण त्याबद्दल फारसे कुणी विचारत नाही. त्या दोन शब्दांचा अर्थ असा की कर्करोगाच्या पेशींभोवती तंतुमय, घट्ट, वणासारखे ऊतक वाढले आहे. ते वाढवणाऱ्या पेशी कर्करोगाच्या नसतात. त्या संयोजी ऊतकाच्या, म्हणजे शरीराला आतून सांधून धरणाऱ्या ऊतकाच्या पेशी असतात आणि त्यांची जनुके बहुतांशी धडधाकट असतात. त्यांचे नाव फायब्रोब्लास्ट. गाठ हाताला टणक लागते ती त्यांच्या तंतूंमुळे. डाव्या बाजूचे आतडे गाठीपाशी दोरीने आवळल्यासारखे अरुंद होते आणि पोट साफ होईनासे होते, त्यातही मोठा वाटा याच तंतूंचा असतो.

या पेशींकडे वैद्यकाचे लक्ष जायला दीडशे वर्षे लागली. ती का लागली, हे मला त्या शोधांइतकेच महत्त्वाचे वाटते.

निरोगी आतड्यात या पेशी काय करतात ते आधी पाहू. मोठ्या आतड्याच्या अस्तरात लाखो सूक्ष्म खळगे असतात, अरुंद विहिरींसारखे. विहिरीच्या तळाशी मूळपेशी असतात. त्यांच्यापासून तयार झालेल्या पेशी वर सरकत जातात आणि काठाशी पोहोचून गळून पडतात. साधारण चार-पाच दिवसांत अस्तर नवे होते. प्रत्येक विहिरीला बाहेरून चपट्या फायब्रोब्लास्ट पेशींचे वेष्टण असते. पास्काल, के आणि लेन या संशोधकांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्याचे बारकाईने वर्णन केले. तळाजवळच्या वेष्टणपेशी ‘विभाजन चालू ठेवा’ असा रासायनिक निरोप देतात, तर वरच्या भागात ‘आता थांबा, पक्व व्हा’ हा बीएमपी नावाच्या प्रथिनांचा निरोप जास्त असतो. हा थांबण्याचा निरोप तळाच्या मूळपेशींपर्यंत पोहोचू नये म्हणून तळाशी ग्रेम्लिन-१ हे प्रथिन सोडले जाते, तेही याच आधारपेशींकडून. म्हणजे अस्तराची वाढ कुठे व्हावी आणि कुठे थांबावी, हे बऱ्याच अंशी बाहेरून ठरते.

आता इतिहास. बर्लिनमध्ये रुडॉल्फ विरचो यांनी १८५८ साली पेशींवर आधारलेले विकृतिशास्त्र मांडले. प्रत्येक पेशी आधीच्या पेशीतूनच जन्मते, हे त्यांचे म्हणणे टिकले. कर्करोग मात्र संयोजी ऊतकाच्या पेशींतून उगवतो असे ते मानत, आणि ते टिकले नाही. १८६५ साली कार्ल थिएर्श यांनी त्वचेच्या कर्करोगावरून आणि १८६७ साली विल्हेल्म वाल्डायर यांनी इतर अवयवांवरून दाखवून दिले की असे कर्करोग अस्तराच्या पेशींतून सुरू होतात. निष्कर्ष बरोबर होता. माझ्या मते त्याचा एक दुष्परिणामही झाला. ज्या ऊतकावर चुकीचा आरोप झाला होता ते निर्दोष ठरले आणि मग कुणी त्याची साधी चौकशीही करेना. स्ट्रोमा म्हणजे गाठीचा सांगाडा, भरावाचा माल, ही समजूत तिथून रुजली.

अपवाद होता लंडनच्या स्टीफन पॅजेट यांचा. त्यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ रुग्णांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या आणि विचारले की दुय्यम गाठी ठरावीक अवयवांतच का होतात. बी सगळीकडे पडते, पण मानवणाऱ्या जमिनीतच उगवते, हे त्यांचे उत्तर. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावावे लागणार नाही. बियाणे कितीही खात्रीचे असले तरी जमिनीला वाफसा आल्याशिवाय तो पेरत नाही. पण वैद्यकात पुढची कित्येक दशके अभ्यास झाला तो बियाण्याचाच. १९३२ मध्ये लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील कथबर्ट ड्यूक्स यांनी मलाशयाच्या कर्करोगाचे अ, ब, क असे टप्पे पाडले. बी किती खोल गेले आणि लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचले का, हे मोजणारी ती पट्टी आजच्या टप्प्यांच्या पद्धतीची पूर्वज आहे.

प्रयोगशाळेतल्या सवयींनीही हेच वळण पक्के केले. कर्करोगाच्या पेशी बशीत वाढवताना फायब्रोब्लास्ट भराभर वाढून सगळी बशी व्यापतात, म्हणून संशोधक त्यांना भेसळ समजून काढून टाकत. पुढे १९९० मध्ये बाल्टिमोरमध्ये एरिक फिअरन आणि बर्ट व्होगेलस्टाइन यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रसिद्ध जनुकीय चित्र मांडले. छोट्या पॉलिपपासून, म्हणजे अस्तरावर उठणाऱ्या कोंबासारख्या वाढीपासून, कर्करोगापर्यंतची वाट रास, पी-५३ अशा जनुकांतल्या एकामागून एक बिघाडांनी कशी तयार होते, ते त्यात स्पष्ट दिसत होते. याच वाटेवरच्या एपीसी या जनुकाचा शोध पुढच्याच वर्षी, १९९१ साली लागला. ते काम थोर आहे यात शंका नाही. त्या चित्रात फायब्रोब्लास्टला मात्र जागा नव्हती.

दुसरा धागा जखमांच्या अभ्यासातून आला. १९७१ मध्ये जिनिव्हाच्या जिउलिओ गॅबियानी आणि सहकाऱ्यांनी भरत्या जखमेत एक वेगळाच फायब्रोब्लास्ट पाहिला. स्नायूपेशीसारखे आकुंचन पावणारे तंतू त्याच्या पोटात होते. जखमेच्या कडा जवळ ओढणारी ही पेशी म्हणजे मायोफायब्रोब्लास्ट. जखम भरली की तिचे काम संपते आणि ती नाहीशी होते. १९८६ मध्ये हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनी लिहिले की कर्करोगाच्या गाठी म्हणजे कधीच न भरणाऱ्या जखमा. गाठ शरीराला सतत जखमेचा खोटा इशारा देत राहते, मायोफायब्रोब्लास्ट येत राहतात आणि त्यांना ‘काम झाले, आता जा’ असे कुणी सांगतच नाही.

संयोजी ऊतक असे बेभान झाले की काय होते, याचे एक दुखरे उदाहरण महाराष्ट्राला चांगले ठाऊक आहे. सुपारी आणि गुटख्यामुळे गालाच्या आतल्या अस्तराखाली तंतू साचत जातात आणि माणसाला तोंड उघडता येईनासे होते. मुंबईत १९५३ साली डॉ. जोशी यांनी या विकाराचे वर्णन केले होते. पुढे त्यातून तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. अवयव वेगळा, कारणही वेगळे, पण तंतू रचणारी पेशी त्याच जातीची.

आधारपेशीच आतड्यातल्या रोगाची सुरुवात करू शकतील का, हा प्रश्न १९९८ मध्ये केनेथ किन्झलर आणि व्होगेलस्टाइन यांनी जाहीरपणे विचारला. बियाण्याचे चित्र काढणाऱ्यांपैकीच एकाने आठ वर्षांनी जमिनीकडे बोट दाखवावे, ही मला या इतिहासातली फार देखणी गोष्ट वाटते. त्यांच्यासमोर उदाहरण होते जुव्हेनाइल पॉलिपोसिस या आनुवंशिक विकाराचे. यातल्या पॉलिपांत अस्तर कमी आणि सुजलेला स्ट्रोमाच भरपूर असतो, तरीही अशा माणसांना आतड्याच्या कर्करोगाचा धोका मोठा असतो. पुढे याच पॉलिपांच्या अस्तरपेशींतही जनुकीय बिघाड सापडला आणि उदाहरण वादात पडले. पण कल्पना मेली नाही. २००४ मध्ये हॅरॉल्ड मोझेस यांच्या गटाने उंदरांच्या फक्त फायब्रोब्लास्ट पेशींतून टीजीएफ-बीटा या निरोपाचा ग्राहक, म्हणजे तो निरोप टिपणारे पेशीवरचे प्रथिन, काढून टाकला. जनुक बदलले होते आधारपेशींचे, पण कर्करोग झाला जठराच्या सुरुवातीच्या भागातल्या अस्तराला.

माणसांतला पुरावा २०१२ मध्ये आला. काही अश्केनाझी ज्यू कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या वेगवेगळ्या प्रकारचे पॉलिप आणि आतड्याचे कर्करोग दिसत. त्यांच्यात ग्रेम्लिन-१ जनुकाच्या अलीकडचा डीएनएचा एक तुकडा दुप्पट झालेला आढळला. त्यामुळे जे प्रथिन फक्त तळाजवळच्या आधारपेशींनी सोडायचे, ते अस्तरपेशी स्वतःच विहिरीभर सोडू लागल्या. थांबण्याचा निरोप कुठेच पोहोचेना. तळापासून लांबच्या पेशीही मूळपेशींसारख्या वाढू लागल्या आणि पॉलिप उठले. प्रथिनात खोट नव्हती, ते बनले भलत्याच ठिकाणी.

टीजीएफ-बीटाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. निरोगी अस्तरासाठी हे प्रथिन लगाम आहे. आतड्याच्या अनेक कर्करोगांत तो लगाम तुटतो. १९९५ मध्ये सॅनफर्ड मार्कोविट्झ आणि सहकाऱ्यांनी दाखवले की डीएनए-दुरुस्ती बिघडलेल्या प्रकारात या निरोपाच्या ग्राहकाचे जनुकच मोडते. म्हणजे कर्करोगपेशी त्या निरोपाला बहिरी होते. असे असूनही वाईट वळणाच्या गाठींत टीजीएफ-बीटा भरपूर सापडते. मग ते ऐकते कोण? २०१२ मध्ये बार्सिलोनातील एदुआर्द बाटले यांच्या गटाने उत्तर दिले: ऐकतात फायब्रोब्लास्ट. निरोप मिळाल्यावर ते इंटरल्युकिन-११ हे दुसरे निरोप्या प्रथिन सोडतात आणि त्याच्या बळावर यकृतात नुकत्याच पोहोचलेल्या कर्करोगपेशी तग धरतात. आतड्याचे रक्त आधी यकृतातच जाते, त्यामुळे बी तिथे पडणार हे उघड आहे. पडलेले बी जगणार की नाही, ते अशा मदतीवर ठरते.

२०१५ हे वर्ष निर्णायक ठरले. त्याआधी वेगवेगळ्या गटांनी आतड्याच्या कर्करोगाचे जनुकक्रियेवरून, म्हणजे गाठीत कोणती जनुके किती चालू आहेत त्यावरून, प्रकार पाडले होते आणि ते एकमेकांशी जुळत नव्हते. जस्टिन गिनी आणि अनेक देशांतल्या संशोधकांनी ४,००० हून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून चार प्रकार ठरवले. चौथा प्रकार सुमारे २३ टक्के रुग्णांत दिसला, आणि त्यांचे आयुष्यमान सर्वांत कमी होते. या गाठींत अस्तरपेशींनी आपले रूप टाकून संयोजी पेशींसारखे रूप घेतले आहे, अशी समजूत पसरत होती.

ती समजूत इटलीत तुरिनजवळच्या एका प्रयोगाने हलवली. क्लॉडिओ इझेला आणि एन्झो मेडिको यांनी माणसांच्या गाठी उंदरांत रुजवलेले नमुने घेतले. अशा रुजवणीत कर्करोगपेशी माणसाच्याच राहतात, पण त्यांच्याभोवतीचा स्ट्रोमा हळूहळू उंदराचा होतो. मग जनुकक्रिया मोजताना माणसाची कोणती आणि उंदराची कोणती, हे वेगळे करता आले. वाईट भाकिताशी जोडलेली जनुके माणसाच्या बाजूला जवळजवळ दिसेनाशी झाली आणि उंदराच्या बाजूला उमटली. म्हणजे ती खूण कर्करोगपेशींची नव्हतीच, फायब्रोब्लास्टची होती. त्याच सुमारास बाटले यांचा गटही वेगळ्या वाटेने याच निष्कर्षावर आला. रुग्णाचे पुढे काय होणार याचा मोठा अंश त्या भरावाच्या मालात लिहिलेला होता.

खरे तर साध्या सूक्ष्मदर्शकाने हे आधीच सुचवले होते. नेदरलँड्समधील लायडेन येथे विल्मा मेस्कर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये १२२ रुग्णांच्या नेहमीच्याच जांभळ्या-गुलाबी रंगवलेल्या काचपट्ट्या पाहिल्या आणि फक्त एवढेच मोजले की गाठीत स्ट्रोमा ५० टक्क्यांहून जास्त आहे का. जास्त असलेल्यांचे भवितव्य वाईट निघाले. जपानमध्ये हिदेकी उएनो यांनी स्ट्रोमाची प्रत पाहिली: तंतू बारीक आणि नीट रचलेले, की केलॉइडच्या वणासारखे जाड, की चिकट आणि अपक्व. त्यावरूनही भाकीत बदलते. या मोजणीला नवे यंत्र लागत नाही. तरीही नेहमीच्या अहवालांत ती अजून रुळलेली नाही, आणि मला याची खंत वाटते.

मग या पेशी मारूनच का टाकू नयेत? हा विचार जुना आहे. कर्करोगातल्या फायब्रोब्लास्टच्या पृष्ठभागावर एफएपी नावाचे प्रथिन असते. १९९४ मध्ये न्यूयॉर्कला यकृतात गाठी पसरलेल्या १७ रुग्णांना त्याविरुद्धचे किरणोत्सारी प्रतिपिंड दिले गेले आणि ते बरोबर गाठींवर जाऊन बसले. नेम अचूक होता. पण २००३ मध्ये अशाच प्रतिपिंडाने उपचार करून पाहिले तेव्हा एकाही रुग्णात गाठ हवी तशी आक्रसली नाही. त्याहून मोठा धडा स्वादुपिंडाच्या कर्करोगातून मिळाला. तिथे स्ट्रोमा कमी करणाऱ्या एका औषधाची चाचणी २०१२ मध्ये थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांची अवस्था न घेणाऱ्यांपेक्षा वाईट होत होती. २०१४ मध्ये उंदरांतल्या दोन स्वतंत्र अभ्यासांत दिसले की मायोफायब्रोब्लास्ट हटवले की गाठ अधिक आक्रमक होते. काही आधारपेशी कुंपणाचेही काम करत होत्या. आतड्यातही हेजहॉग या निरोपामुळे फायब्रोब्लास्ट गाठीला आवर घालतात, असे २०१६ मध्ये आढळले.

आज एकेका पेशीची जनुकक्रिया मोजता येते. त्यामुळे ‘फायब्रोब्लास्ट’ या एका नावाखाली अनेक मंडळी आहेत हे उघड झाले आहे. काही तंतू रचतात, काही दाह पेटवतात, काही प्रतिकारपेशींना गाठीबाहेर अडवून धरतात. २०१८ मध्ये बाटले यांच्या गटाने उंदरांत टीजीएफ-बीटा अडवल्यावर लढाऊ टी-पेशी गाठीत शिरल्या. माणसांत हे यश तसेच्या तसे उतरलेले नाही.

सर्वांत आशेचे काम मला फ्रँकफुर्टच्या फ्लोरियन ग्रेटन यांच्या गटाचे वाटते. मलाशयाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेआधी किरणोपचार देतात, पण काहींच्या गाठी त्याला दाद देत नाहीत. २०२२ मध्ये या गटाने दाखवले की अशा गाठींत इंटरल्युकिन-१ मुळे फायब्रोब्लास्ट दाहक बनलेले असतात. त्यांच्यावर किरण पडले की ते मरत नाहीत, तर म्हाताऱ्या पेशींसारखे होऊन गाठीला पोषक माल सोडत बसतात. उंदरांत इंटरल्युकिन-१ अडवल्यावर गाठी उपचाराला दाद देऊ लागल्या. ज्या रुग्णांच्या रक्तात इंटरल्युकिन-१ ला अडवणारे नैसर्गिक प्रथिन कमी होते, त्यांचे भवितव्यही वाईट होते. त्याच प्रथिनाची औषध म्हणून बनवलेली आवृत्ती अनाकिन्रा या नावाने संधिवातासाठी कित्येक वर्षे वापरात आहे. जर्मनीत मलाशयाच्या कर्करोगाच्या रुग्णांना किरणोपचार आणि केमोथेरपीबरोबर ती देऊन पाहण्याच्या चाचण्या आता सुरू झाल्या आहेत. तिचे काम फायब्रोब्लास्टना मारण्याचे नाही, त्यांना शांत करण्याचे आहे.