शवपेटीत कोण आहे? 'लुकिंग फॉर लँग्स्टन'ची पार्श्वभूमी

ब्रिटिश दिग्दर्शक आयझॅक ज्युलियन यांच्या 'लुकिंग फॉर लँग्स्टन' (१९८९) या जेमतेम पाऊण तासाच्या कृष्णधवल चित्रपटात एक अंत्यविधी आहे. शवपेटीतला माणूस काळे अमेरिकन कवी लँग्स्टन ह्यूज असावा असं वाटतं. प्रत्यक्षात तिथे दिग्दर्शक स्वतः पहुडला आहे. बाकी सगळा स्वप्नं, जुनी चित्रफीत, नाचगाणं आणि कविता यांचा गोफ. ह्यूज यांचं चरित्र पाहायला बसलेला प्रेक्षक वैतागणारच. यातली प्रतीकं उलगडायची तर १९२६ आणि १९८८ या दोन सालांकडे वळावं लागतं.

१९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये ह्यूज, वॉलेस थर्मन, झोरा नील हर्स्टन अशा तरुण काळ्या लेखकांनी 'फायर!!' नावाचं नियतकालिक काढलं. एकच अंक निघाला आणि न खपलेल्या प्रती, नावाला जागून, खरोखरच आगीत गेल्या. त्या अंकात रिचर्ड ब्रूस न्यूजंट यांची 'स्मोक, लिलीज अँड जेड' ही कथा होती. तिच्यातला तरुण कलावंत अलेक्स एका पुरुषाच्या प्रेमात पडतो, त्याला 'ब्यूटी' म्हणतो, आणि न्यूजंट हे आडपडदा न ठेवता लिहितात. वाक्यं टिंबांच्या रांगांनी तुटत जातात. ज्युलियन यांनी पात्रांची नावं तिथूनच उचलली. चित्रपटाची तुटक लयही, मला वाटतं, तिथलीच. पडद्यावरची लिलीची फुलं पाहताना ही कथा आठवायला हवी. ह्यूज मात्र स्वतःच्या लैंगिकतेबद्दल जाहीरपणे काही बोलले नाहीत. चरित्रकारांचं त्यावर एकमत नाही.

१९८८ मध्ये ब्रिटनमध्ये 'सेक्शन २८' आलं. समलैंगिकतेचा 'प्रसार' करायला स्थानिक स्वराज्य संस्थांना या कायद्याने बंदी झाली. भोवती एड्सने माणसं जात होती. ज्युलियन आणि लंडनमधल्या काळ्या तरुणांचा 'सांकोफा' हा चित्रपट करणारा गट अशा दिवसांत काम करत होता. डिसेंबर १९८७ मध्ये काळे, समलैंगिक अमेरिकन लेखक जेम्स बाल्डविन वारले आणि चित्रपट त्यांच्या स्मृतीला अर्पण केला गेला. म्हणजे त्या शवपेटीभोवतीचा शोक एकट्या ह्यूज यांच्यासाठी नाही.

कवितांचंही तसंच. कानावर पडणारा महत्त्वाचा शब्द एसेक्स हेम्फिल या तेव्हाच्या तरुण, काळ्या, समलैंगिक अमेरिकन कवीचा आहे. एका प्रसंगात गोरा माणूस रॉबर्ट मॅपलथॉर्प या गोऱ्या अमेरिकन छायाचित्रकाराने टिपलेल्या काळ्या पुरुषांच्या छायाचित्रांमधून फिरतो, त्यांना कुरवाळतो. ध्वनिपटावर हेम्फिलची कविता त्याच नजरेला जाब विचारते: तुला माणूस हवा आहे की नुसतं शरीर? माझ्या लेखी हा चित्रपटातला सर्वांत धारदार भाग.

ह्यूज यांच्या कवितांचे हक्क सांभाळणाऱ्यांना हा चित्रपट रुचला नाही. न्यूयॉर्क चित्रपट महोत्सवात त्या कविता येताच आवाज बंद करावा लागला. बर्लिन महोत्सवात मात्र त्याच वर्षी चित्रपटाला टेडी पुरस्कार (समलैंगिक विषयांवरच्या चित्रपटांसाठीचा) मिळाला.

शेवटी पोलीस आणि गुंड चित्रपटातल्या पुरुषांच्या क्लबवर चाल करून येतात, तर आत कोणीच नसतं. त्याआधी १९२० च्या दशकातल्या सुटाबुटातले पुरुष १९८० च्या दशकातल्या 'हाऊस' या क्लबमधल्या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतावर नाचत असतात. ही काळाची गफलत मुद्दाम केलेली आहे. धाड हार्लेमवर पडते की लंडनवर, हे ज्युलियन यांना ठरवायचंच नव्हतं.