छप्पर गेले, दफनभूमी राहिली : डॅल्गेटीच्या सेंट ब्रिजेट चर्चची पार्श्वभूमी

स्कॉटलंडमध्ये फर्थ ऑफ फोर्थ या खाडीच्या उत्तर किनाऱ्यावर, फाइफ प्रांतात, डॅल्गेटीच्या सेंट ब्रिजेट चर्चचे अवशेष आहेत. उघड्या पडलेल्या भिंती आणि भोवती थडग्यांनी भरलेले आवार पाहिले की धर्मसुधारणेच्या, म्हणजे कॅथलिक चर्चपासून फुटून प्रोटेस्टंट पंथ उभा राहिला त्या चळवळीच्या, धामधुमीत जमावाने हे चर्च फोडले असावे, असा तर्क सहज केला जातो. काही मठांच्या बाबतीत तो खराही आहे. पण गावोगावच्या पॅरिश चर्चना तो क्वचितच लागू पडतो. १५६० मध्ये स्कॉटलंडने रोमच्या पोपशी नाते तोडल्यानंतरही डॅल्गेटीचे चर्च तब्बल २७० वर्षे नांदते होते. ते ओस पडले ते शांततेच्या काळात, रीतसर निर्णय होऊन.

आरंभासाठी बाराव्या शतकाकडे जावे लागते. राजा पहिला डेव्हिड (कारकीर्द ११२४ ते ११५३) याच्या काळात स्कॉटलंडची पॅरिशमध्ये, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, विभागणी पक्की होत गेली आणि उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला देणे रयतेवर बंधनकारक झाले. हा दशांश मात्र बहुतेक ठिकाणी गावात राहिला नाही. चर्चचे हक्क मठांना दान दिले जात, मठ मोठा वाटा स्वतःकडे घेत आणि पूजाविधीसाठी तुटपुंज्या मोबदल्यावर एक पाद्री नेमत. डॅल्गेटीचे चर्चही समोरच्याच इंचकोम बेटावरील ऑगस्टिनियन संन्याशांच्या मठाच्या ताब्यात होते. ११७८ च्या पोपच्या आज्ञापत्रात तसा उल्लेख आहे. धर्मसुधारणेपूर्वी पॅरिशच्या पाद्र्यांविषयी आणि मोडकळीला आलेल्या चर्चविषयी ज्या तक्रारी होत होत्या, त्यांचे एक मूळ या व्यवस्थेत आहे, असे म्हणायला जागा आहे.

१२४४ मध्ये सेंट अँड्र्यूजचे बिशप डेव्हिड डी बर्नहॅम यांनी या चर्चचे विधिवत पवित्रीकरण केले. हे वर्ष बांधकामाचे मानण्याची घाई करू नये. पवित्रीकरण न झालेल्या चर्चचा तो विधी उरकून घ्यावा, असा पोपच्या प्रतिनिधीचा आदेश त्या सुमारास निघाला होता आणि बर्नहॅम यांनी १२४० च्या दशकात शंभराहून अधिक चर्चमध्ये हा विधी पार पाडला. त्यांतली कित्येक आधीपासून उभी होती. डॅल्गेटीची मूळ इमारत म्हणजे लांबट, अरुंद, साधा आयत. तिच्या पूर्वेकडच्या भागात, जिथे वेदी होती तिथे, विधीची भांडी धुण्यासाठी भिंतीत बसवलेले लहानसे दगडी कुंड आहे. कॅथलिक उपासनेची एवढी जवळून दिसणारी खूण या भिंतींत टिकून राहिली, हे मोलाचे आहे.

१५६० नंतर इमारत तीच राहिली, पण तिचा केंद्रबिंदू बदलला. प्रेस्बिटेरियन, म्हणजे स्कॉटलंडने स्वीकारलेल्या प्रोटेस्टंट पंथाच्या, उपासनेत वेदीपेक्षा प्रवचनाला महत्त्व आले. त्यामुळे स्कॉटिश चर्चमध्ये व्यासपीठ साधारणपणे लांब दक्षिण भिंतीशी आले, लोक त्याच्याभोवती बसू लागले आणि जमीनदारांनी आपापल्या घराण्यांसाठी सज्जे उभारले. चर्चच्या आत मृतांना पुरण्यास नव्या धर्मसभेने मनाई केली होती. पिढ्यान्‌पिढ्या वेदीजवळ दफन होत आलेल्या घराण्यांना ती रुचणे शक्य नव्हते. त्यांनी चर्चला लागूनच स्वतंत्र दालने बांधली, म्हणजे नियमही पाळला गेला आणि मानही राहिला.

डॅल्गेटीच्या पश्चिम टोकाचे दुमजली बांधकाम याच तडजोडीचा सर्वांत ठसठशीत नमुना आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी ते डनफर्मलिनचे अर्ल अलेक्झांडर सेटन यांनी उभारले. वरच्या मजल्यावरून घराण्यातल्या मंडळींना थेट प्रवचन ऐकता येई आणि खाली त्यांचे दफनघर होते. सेटन यांचे शिक्षण रोममध्ये जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाकडे झाले होते आणि मनाने ते कॅथलिकच आहेत, असा संशय त्यांच्यावर कायम राहिला. तरीही पुढे पहिला चार्ल्स म्हणून गादीवर आलेल्या राजपुत्राचा लहानपणी सांभाळ त्यांच्याकडे सोपवला गेला आणि १६०४ पासून मृत्यूपर्यंत ते स्कॉटलंडचे चॅन्सेलर, म्हणजे राज्याचे एक सर्वोच्च अधिकारी, होते. १६२२ मध्ये ते वारले आणि त्यांचे दफन याच प्रोटेस्टंट चर्चला लागून असलेल्या या दफनघरात झाले. त्या काळातल्या निष्ठांची गुंतागुंत समजून घ्यायला हे एक दफनघर पुरेसे बोलके आहे.

सामान्यांची थडगी बाहेरच्या आवारात आहेत. मृतांसाठी प्रार्थना करण्याची प्रथा धर्मसुधारणेने मोडली होती, त्यामुळे शिळांचा रोख जिवंत माणसाकडे वळला. सतराव्या-अठराव्या शतकांतल्या स्कॉटिश शिळांवर कवटी, आडवी-उभी हाडे, वाळूचे घड्याळ ही मृत्यूची चिन्हे वारंवार येतात आणि त्यांच्या जोडीला मृताच्या धंद्याची हत्यारेही कोरलेली असतात.

पुढे याच आवारावर राखण ठेवण्याची वेळ आली. खाडीपलीकडच्या एडिनबरोत शरीरशास्त्र शिकवणाऱ्यांना प्रेते कमी पडत होती आणि ताज्या कबरी उकरून ती विकण्याचा धंदा फोफावला होता. येथे पहारेकऱ्यांची खोली आहे ती त्यासाठी. १८३२ च्या कायद्याने प्रेते मिळवण्याची अधिकृत सोय झाल्यावर हा धंदा बसला.

त्याआधीच, १८३० मध्ये, किनाऱ्यापासून आतल्या बाजूला नवे चर्च झाले होते. पॅरिश चर्च बांधण्याची व दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी कायद्याने जमीनदारांवर होती आणि नवी इमारत झाल्यावर जुनी राखणे त्यांच्यावर बंधनकारक उरले नाही. सेंट ब्रिजेटचे छप्पर उतरवण्यात आले. किनाऱ्यालगतचे जुने गावही उठले. आजचे डॅल्गेटी बे हे शहर १९६० च्या दशकापासून वसलेले आहे. अवशेषांची देखभाल आता हिस्टॉरिक एन्व्हायरन्मेंट स्कॉटलंड ही सरकारी संस्था करते आणि फाइफच्या किनाऱ्याची पायवाट चर्चच्या अगदी जवळून जाते.