शून्य फूट पाणी

पावसाळ्यात कोल्हापुरात सकाळचा पहिला प्रश्न एकच: "राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती?" ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. म्हणून प्रोग्रॅमिंग शिकवताना मी हेच आकडे घेतो.

एका विद्यार्थ्याने पायथॉनमध्ये पातळीची सरासरी काढायला घेतली. सरावासाठी दिलेल्या फाईलमध्ये चार नोंदी होत्या: ४२, ४३, 'नोंद नाही', ४४. मजकुराचा आकडा होईना, तेव्हा पायथॉनने 'व्हॅल्यू एरर' हे एक्सेप्शन, म्हणजे 'इथे अडलं' असा इशारा, फेकलं आणि प्रोग्रॅम थांबला. पोराने ती ओळ 'ट्राय'मध्ये (करून बघ) घातली आणि 'एक्सेप्ट'मध्ये (अडलं तर हे कर) लिहिलं, पातळी शून्य धरा. प्रोग्रॅम बिनबोभाट चालला. उत्तर आलं ३२.२५ फूट! नदी धोका पातळीवर आणि स्क्रीनवर सगळं आलबेल. मला बंद पडलेल्या प्रोग्रॅमपेक्षा या उत्तराची जास्त भीती वाटते. शिवाय त्याचा एक्सेप्ट उघडा होता, कोणती चूक पकडायची हे त्यात सांगितलंच नव्हतं. त्या ओळीत व्हेरिएबलचं, म्हणजे आकडा ठेवायच्या जागेचं, नाव चुकलं असतं, तरी शून्यच मिळालं असतं.

एक्सेप्शनचा प्रवास तलाठ्याच्या अहवालासारखा असतो. तलाठ्याच्या हातात नसेल ते तहसीलदारांकडे, तिथून जिल्हाधिकाऱ्यांकडे. तसंच एक्सेप्शन एका फंक्शनकडून (प्रोग्रॅमचा एक काम करणारा तुकडा) त्याला बोलावणाऱ्या फंक्शनकडे वर वर जातं. जिथे निर्णय घेण्याइतकी माहिती आहे, तिथेच ते पकडावं.

कुणीच नीट पकडलं नाही तर काय होतं, ते ४ जून १९९६ ला दिसलं. एरियन ५ रॉकेटच्या पहिल्याच उड्डाणात ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या जागेत बसवायची होती. तिथे ३२,७६७ च्या पुढे जागाच नाही. एक्सेप्शन आलं, त्याची सोय केलेली नव्हती. दिशा सांगणारा संगणक बंद पडला. राखीव संगणकातही तोच प्रोग्रॅम होता, तो आधीच गेला होता. दिशा सांगणाऱ्या संगणकाने बंद पडताना पाठवलेला बिघाडाचा मजकूर मुख्य संगणकाने उड्डाणाची माहिती म्हणून वाचला. रॉकेट एकदम वळलं आणि सुमारे ४० सेकंदांत नष्ट झालं. ज्या हिशोबात हे घडलं, त्याची उड्डाणानंतर गरजच नव्हती, तो आधीच्या एरियन ४ रॉकेटमधून तसाच आला होता.

पोराने प्रोग्रॅम पुन्हा लिहिला. आता तो फक्त व्हॅल्यू एरर पकडतो, ती नोंद वगळतो आणि छापतो: 'सरासरी ४३ फूट, ४ पैकी ३ नोंदींवरून. तिसरी नोंद मिळाली नाही.'