जुन्या ठाण्याच्या डिजिटल नकाशाखालचा कागद

जुन्या ठाण्याचा इंटरॅक्टिव्ह नकाशा उघडला की माणूस आधी आपली आळी शोधतो, खारकर आळी, चरई, उथळसर, महागिरी, आणि पिन दिसली की खूश होतो. माझं म्हणणं एवढंच आहे की पिना मोजण्याआधी त्याखाली अंथरलेला जुना कागद, म्हणजे मूळ कागदी नकाशा, कोणी आणि कशासाठी काढला होता ते बघा.

कारण इथे ज्याने त्याने आपल्या कामापुरतंच मोजलंय. ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी 1730 ला बांधायला घेतला, तो पुरा व्हायच्या आतच 1737 ला मराठ्यांनी घेतला, मग 1774 ला इंग्रजांनी, आणि आज तिथे सेंट्रल जेल आहे. लढाईसाठी काढलेल्या नकाशात तट, बुरूज, खाडी ठळक असणार, कोळ्यांची घरं कशाला कोण दाखवेल?

महसुलाचं तर अजून वेगळं. इंग्रजांच्या सर्व्हेत शेतजमीन शंकूसाखळीने मोजायचे, म्हणजे शंकूने काटकोन धरायचा आणि साखळीने लांबी, साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे, म्हणजे 16 सारखे भाग, आणि 33 बाय 33 फूट म्हणजे एक गुंठा, हे माप आपण अजून वापरतो. पण गावठाणाच्या आत शेतसारा नव्हता, म्हणून बाहेरची हद्द आखायची आणि आतली घरं, गल्ल्या, विहिरी न मोजता सोडून द्यायच्या अशीच पद्धत पडली. त्यामुळे गावठाणं, कोळीवाडे कागदावर कोरे ठोकळे राहिले, घरांच्या हद्दींवरून आजही भांडणं होतात त्याचं एक मूळ इथेच आहे, आणि 2020 पासून केंद्र सरकारच्या स्वामित्व योजनेत ड्रोन उडवून गावोगावची गावठाणं मोजायला लागली ती याचसाठी. असा कागद स्कॅन करून वेबवर चढवला की तो कोरा ठोकळा मोकळ्या जागेसारखा दिसतो, नवख्याला वाटतं इथे काही नव्हतंच, आणि हे मला फार खटकतं.

मग येतं जिओरेफरन्सिंग, म्हणजे जुना नकाशा आजच्या सॅटेलाईट फोटोवर न हललेल्या खुणा जुळवून बसवायचा. चर्च, किल्ल्याचा तट या खुणा चालतील. मासुंद्याचा काठ मात्र अजिबात नाही, भराव पडून पडून तलाव आक्रसलाय, तो काठ धरला तर जांभळी नाक्याकडची सगळी बाजू सरकेल आणि स्क्रीनवर ते कळणारसुद्धा नाही. कुठल्या खुणा धरल्या ते नकाशावाल्यांनी लिहिलंय का, हे मी पहिलं शोधतो.

तारखांचंही तसंच. कौपिनेश्वराच्या पिनवर नुसतं शिलाहारकालीन लिहून भागत नाही, स्थान जुनं असलं तरी आजचं देऊळ मराठेशाहीतलं, 1760 च्या सुमारास उभं राहिलेलं. एका पिनला एकच साल देता येत असेल तर तो नकाशा ठाण्याला पुरणार नाही.

रेल्वेचं तर सगळ्यांना पाठ आहे, 16 एप्रिल 1853, बोरीबंदर ते ठाणे. पण रूळ पडले आणि चेंदणी कोळीवाडा पूर्व-पश्चिम झाला, हे किती नकाशात दिसतं? तिथे एक रेघ रेल्वेची आणि तिच्या दोन्ही बाजूंना मिळून एकच रंग कोळीवाड्याचा, एवढं तरी हवं, आणि तो रंग कुठपर्यंत भरायचा ते चेंदणीच्या कोळ्यांना विचारून ठरवलेलं हवं.