प्रभाग क्रमांक २२०: एका चिठ्ठीमागचा नकाशा

२३ फेब्रुवारी २०१७ ला मुंबई महापालिकेची मतमोजणी झाली. गिरगाव-भुलेश्वरच्या पट्ट्यातल्या प्रभाग २२० मध्ये शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शहा यांना अगदी सारखी मतं पडली, प्रत्येकी ५,९४६. फेरमोजणीअंतीही बरोबरीच राहिली, तेव्हा चिठ्ठी टाकली गेली. शहांची चिठ्ठी निघाली. शिवसेना ८४, भाजप ८२ हा त्या निवडणुकीचा गाजलेला आकडा त्यातूनच पुरा झाला. दुसरी चिठ्ठी निघती तर तो ८५ आणि ८१ असता.

ईश्वरचिठ्ठीची ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पण प्रभाग २२० म्हणजे नेमकं काय, असं विचारलं तर बरेच जण अडखळतील. मुंबईत ‘वॉर्ड’ हा शब्दच दोन अर्थांनी चालतो. ए, बी, सी अशा अक्षरांचे वॉर्ड हे कारभाराचे. पाणी, कचरा, दाखले यांसाठी आपण जातो ते वॉर्ड ऑफिस तिथलं. नगरसेवक निवडून येतो तो मात्र आकड्याच्या वॉर्डातून, ज्याला कागदावर प्रभाग म्हणतात. हे आकडे दहिसरला एकपासून सुरू होतात आणि कुलाब्याला २२७ वर संपतात. २२० हा त्या रांगेच्या शेपटाकडचा, सी वॉर्डातला प्रभाग.

अक्षराचा वॉर्ड सहसा जागचा हलत नाही. आकड्याचा हलतो, कधी कधी आख्खा. म्हणून ‘या प्रभागात मागच्या वेळी कोण होतं’ या प्रश्नाला मुंबईत सरळ उत्तर नसतं. २०१२ चा २२० आणि २०१७ चा २२० यांचा नंबर एकच असला, तरी नकाशे समोरासमोर ठेवल्याशिवाय त्यांच्या निकालांची तुलना करू नये. वर्तमानपत्रं दर वेळी ती बिनदिक्कत करतात, ते सोडा.

नकाशा हलतो तो जनगणनेमुळे. शहराची लोकसंख्या भागिले प्रभागांची संख्या असा सरासरी आकडा काढायचा आणि प्रत्येक प्रभाग त्याच्या दहा टक्के वर-खाली बसवायचा, असा ढोबळ नियम आहे. २००१ साली सी वॉर्डात २,०२,९२२ लोक होते, २०११ साली १,६६,१६१. दहा वर्षांत छत्तीस हजारांहून अधिक माणसं कमी झाली. चाळीतल्या मुलाचं लग्न ठरलं की डोंबिवली-बोरिवलीला ब्लॉक बघायचा, हे गिरगावात दोन पिढ्या चाललं होतं. खाली दुकान असलेल्या माळ्यांवर हळूहळू गोदामं आणि ऑफिसं आली. संध्याकाळी शटर पडलं की तिथं मतदार उरत नाही.

आता भागाकार करून बघा. २००१ च्या सरासरीने, म्हणजे सुमारे ५२,८०० ने, सी वॉर्डाच्या वाट्याला चारच्या आसपास प्रभाग येतात. २०११ च्या सरासरीने, म्हणजे सुमारे ५४,८०० ने, जेमतेम तीन. २०१७ साठी नवी प्रभागरचना झाली तेव्हा सी वॉर्डाला तीनच मिळाले, २२० ते २२२. शहर भागाच्या जागा घटल्या आणि त्या उपनगरांकडे गेल्या.

हद्दी आखण्याचं काम कागदावर फार रुक्ष दिसतं. अमुक रस्ता आणि तमुक गल्ली यांच्या नाक्यापासून सुरू होऊन पूर्वेकडे, मग दक्षिणेकडे, मग पुन्हा त्या नाक्यापर्यंत, असं ते वर्णन असतं. शाखेतला जुना कार्यकर्ता मात्र ते वाचता वाचता बोटावर चाळी मोजतो. कुठली चाळ आपली, कुठली ‘त्यांची’, कुठली आता पलीकडच्या प्रभागात गेली, हे त्याला निवडणूक आयोगाच्या आधी कळतं. हरकती-सूचनांचे ढीग पडतात ते याचसाठी.

त्यावर आरक्षणाची सोडत. २२७ पैकी ११४ जागा महिलांसाठी, इतर मागासवर्गासाठी ६१, अनुसूचित जातींसाठी १५ आणि जमातींसाठी २ अशी २०१७ ची वाटणी होती. पाच वर्षं गटारं आणि पाण्याच्या लाइनी सांभाळलेला नगरसेवक एका सोडतीत बेघर होतो, मग शेजारचा प्रभाग शोधतो किंवा बायकोचं नाव पुढे करतो. एवढं बरं की मुंबईत एका प्रभागाला एकच नगरसेवक असतो. पुण्यात २००७ ला एक, २०१२ ला दोन, २०१७ ला चार सदस्यांचा प्रभाग असे प्रयोग झाले. तिथल्या एखाद्या प्रभागाचा इतिहास लिहायला बसणाऱ्याला माझा दंडवत.

बरोबरी घडली ती मात्र नुसत्या हद्दींमुळे नव्हे. १९९७ पासून शिवसेना आणि भाजप पालिकेत युती करून लढत आले होते. गिरगाव-भुलेश्वरमध्ये चाळीतला मराठी मतदार आणि पेढीवरचा गुजराती-जैन मतदार यांची बेरीज हीच युतीची ताकद. २०१७ ला दोन्ही पक्ष वेगळे लढले आणि त्या बेरजेची वजाबाकी झाली. योगायोग तर होताच, पण जागा अशी होती की तिथं तो घडू शकत होता.

मताचा हक्कही इथं एका दिवसात आला नाही. १८७२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या महापालिकेत ६४ सदस्य होते. त्यांतले निम्मे, ३२, करदात्यांनी निवडायचे. बाकीचे १६ जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे सरकारने नेमलेली प्रतिष्ठित मंडळी, निवडत आणि १६ सरकार नेमत असे. भाड्याच्या खोलीत राहणारा गिरण्यांतला किंवा छापखान्यातला माणूस या हिशेबात कुठेच नव्हता. प्रौढ मताधिकारावर पालिकेची पहिली निवडणूक झाली ती १९४८ साली. नगरसेवकांची संख्या वाढत वाढत १९९२ ला २२१ आणि २००२ ला २२७ झाली.

त्या चिठ्ठीने पुढे काय झालं? फारसं काही नाही. भाजपने महापौरपदासाठी उमेदवारच दिला नाही आणि ८ मार्च २०१७ ला शिवसेनेचे विश्वनाथ महाडेश्वर महापौर झाले. त्याच वर्षी मनसेचे सात पैकी सहा नगरसेवक शिवसेनेत गेले आणि एका जागेचं मोल आणखी उतरलं.

मार्च २०२२ ला मुदत संपली आणि पालिकेवर प्रशासक आला. प्रभाग २३६ करायचे ठरलं होतं, सरकार बदलल्यावर ते पुन्हा २२७ झाले, प्रकरण कोर्टात फिरलं आणि मतदान थेट १५ जानेवारी २०२६ ला झालं. २०२१ ची जनगणना झालीच नव्हती, त्यामुळे हद्दींसाठी धरले ते २०११ चेच आकडे. मधल्या काळात काळबादेवी-गिरगावखालून मेट्रो गेली, तिच्या स्टेशनांसाठी काही जुन्या इमारती पाडल्या गेल्या आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ती स्टेशनं सुरूही झाली. हद्दी ठरवताना मोजलेल्या माणसांत त्या पाडलेल्या इमारतींतली बिऱ्हाडंही होती, जुन्या पत्त्यांसकट.